वर्डमधला लेख ब्लॉगवर नेताना

काही मराठी ब्लॉगांच्या मुखपृष्ठावर लेखांचे छोटे सारांश असतात. तिथे लेखाचं पहिलं वाक्य दिसायच्या जागी कधी कधी रोमन लिपीत 'नॉर्मल, झिरो, फॉल्स, फॉल्स, फॉल्स' अशी माळ दिसते आणि तिच्या शेपटाला 'ईएन-यूएस', 'एक्स-नन', 'एचआय' अशी अक्षरं लागलेली असतात. लेखकाने यातलं अक्षरही लिहिलेलं नसतं. त्याने वर्डमध्ये लेख टाइप केला, कॉपी केला आणि ब्लॉगरमध्ये पेस्ट केला, एवढंच. ती माळ म्हणजे वर्डने स्वतःसाठी ठेवलेल्या नोंदी: पानाचं दृश्य 'नॉर्मल', झूम शून्य, तीन सोयी बंद, आणि शेवटी तीन भाषांच्या चिठ्ठ्या. 'एचआय' म्हणजे हिंदी. लेख पूर्ण मराठीत असला, तरी वर्डने त्याच्यावर हिंदीची चिठ्ठी लावून ठेवलेली असते.

असं होण्याचं कारण कॉपी करण्यातच आहे. वर्डमध्ये आपण मजकूर निवडून कॉपी करतो तेव्हा क्लिपबोर्डवर त्याची एकच प्रत जात नाही. एक प्रत नुसत्या अक्षरांची असते आणि दुसरी एचटीएमएलमध्ये, म्हणजे सगळ्या सजावटीसकट. ब्लॉगचा संपादक दिसेल तिथे ही दुसरी, श्रीमंत प्रत उचलतो. तिच्यात फॉण्टचं नाव, पॉइंटांतला आकार, ओळींमधलं अंतर, समास, रंग, भाषा असं सगळं जागोजाग लिहिलेलं असतं. छापील कागदासाठी ठरवलेल्या या सूचना वाचकाच्या फोनवर निरुपयोगी असतात, आणि बऱ्याचदा घातक.

मराठीत हा त्रास इंग्रजीपेक्षा जास्त होतो. वर्ड एका दस्तऐवजात दोन फॉण्ट सांभाळतो, एक रोमन अक्षरांसाठी आणि एक देवनागरीसारख्या गुंतागुंतीच्या लिपींसाठी. त्यामुळे देवनागरी मजकुरात रोमन शब्द किंवा इंग्रजी आकडे आले की वाक्याचे तुकडे पडतात, आणि कधी स्वल्पविराम नि कंससुद्धा वेगळे काढले जातात. प्रत्येक तुकड्याभोवती फॉण्टच्या नि आकाराच्या सूचनांचं वेगळं वेष्टण बसतं. म्हणूनच ब्लॉगवर मराठी शब्द मोठे आणि मधले इंग्रजी शब्द बारीक, किंवा उलट, असं दृश्य दिसतं. त्यात 'मंगल' हा फॉण्ट विंडोजचा. वाचकाच्या अँड्रॉइड फोनवर तो नसतो, मग फोन स्वतःचा देवनागरी फॉण्ट लावतो, पण मंगलसाठी ठरवलेला आकार आणि ओळींमधलं अंतर तसंच राहतं. काळा रंग स्पष्टपणे लिहून आला असेल आणि ब्लॉगच्या थीमला रात्रीची गडद पार्श्वभूमी असेल, तर काळ्यावर काळं होऊन लेखच दिसेनासा होतो. दोन्ही कडा जुळवलेला मजकूर फोनच्या अरुंद पडद्यावर शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पाडतो, कारण मराठीत शब्द लांब असतात आणि ओळीच्या शेवटी ते तोडले जात नाहीत.

माझं सांगणं सरळ आहे: वर्डमधून शब्द आणा, सजावट तिथेच सोडा, आणि मथळा, अवतरण, यादी, ठळक शब्द ही अर्थाची रचना ब्लॉगच्या संपादकात नव्याने करा. एवढं केलं की निम्म्याहून अधिक दुखणी उद्भवतच नाहीत. उरतात ती बहुतेक देवनागरीची स्वतःची, आणि त्यांच्याकडे थोडं बारकाईने पाहावं लागतं.

आधी फॉण्टची परीक्षा

जुना लेख असेल, दिवाळी अंकाच्या छापखान्यातून आलेली फाइल असेल किंवा डीटीपीवाल्याने टाइप करून दिलेली असेल, तर पहिलं काम हे. त्यातलं एखादं वाक्य कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पाठवा. मराठी दिसलं तर मजकूर युनिकोडमध्ये आहे. रोमन अक्षरांची खिचडी दिसली तर तो कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्ही-टीटी घराण्यातल्या जुन्या पद्धतीच्या फॉण्टात आहे. या फॉण्टांत संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांनी साठवलेला असतो. फॉण्टने त्या अक्षरांवर देवनागरीचे आकार चढवलेले असतात एवढंच. तो फॉण्ट नसलेल्या कुठल्याही यंत्रावर मुखवटा गळून पडतो, आणि गूगलला तर तो लेख मराठी आहे हेसुद्धा कळत नाही.

अशा फाइलीसाठी रूपांतरक वापरावा लागतो. तो निवडताना फॉण्टचं नेमकं नाव वर्डमध्ये पाहून घ्या, कारण श्रीलिपीच्या सगळ्या फॉण्टांची मांडणी सारखी नाही आणि चुकीचा पर्याय निवडला तर अर्धा मजकूर बरोबर आणि अर्धा विचित्र असा निघतो. रूपांतरानंतर डोळ्यांत तेल घालून वाचण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर; रफाराची जागाही बदलते. त्यामुळे जोडाक्षराला ऱ्हस्व वेलांटी किंवा रफार आला की गडबड होण्याची शक्यता सर्वांत जास्त. 'व्यक्तिगत', 'परिस्थिती', 'मूर्ती', 'वर्षांनी' अशा शब्दांवर खास नजर ठेवा. कृतिदेवमध्ये इंग्रजीतल्या आडव्या रेघेच्या कळीवर पूर्णविराम असतो आणि चौकटी कंसाच्या कळीवर स्वल्पविराम, म्हणून विरामचिन्हंही पाहा. लेखात खरोखरीचे इंग्रजी शब्द किंवा दुवे असतील तर ते रूपांतराआधी बाजूला काढून ठेवा. रूपांतरक त्यांनाही देवनागरी समजून त्यांचा चुराडा करतो.

हाती फक्त पीडीएफ असेल तर त्यातून कॉपी करण्याचा हट्ट सोडलेला बरा. युनिकोडमधून बनवलेल्या पीडीएफमधूनही वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटून येतात. ती फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली, तर पानाचं चित्र वाचून मराठी मजकूर मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर तो चांगला मिळतो, तरीही मूळ पान शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहायला हवी.

वर्डमध्येच आवराआवर

ब्लॉगकडे वळण्याआधी वर्डमध्ये 'शो-हाइड'चं बटण दाबा. उलट्या 'पी'सारखं चिन्ह असतं ते. आता प्रत्येक एंटर, टॅब आणि स्पेस डोळ्यांना दिसेल. परिच्छेदांमध्ये मोकळी जागा यावी म्हणून दोन-तीनदा एंटर मारलेले असतात, पहिली ओळ आत घ्यायला पाच-सहा स्पेस दिलेल्या असतात, मथळा मध्यभागी यावा म्हणून टॅबची रांग लावलेली असते. वेबपानावर लागोपाठच्या स्पेस आणि टॅब मिळून एकच स्पेस उरते, त्यामुळे ही सगळी मेहनत वाया जाते. पण फालतू एंटर मात्र तसेच राहून जातात आणि लेखात रिकामे पट्टे पडतात.

हे काम हाताने करू नका. 'फाइंड अँड रिप्लेस'मध्ये 'मोअर' आणि मग 'स्पेशल' दाबलं की 'पॅराग्राफ मार्क', 'टॅब', 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' अशी यादी उघडते. वरच्या रकान्यात पॅराग्राफ मार्क दोनदा, खालच्या रकान्यात एकदा, आणि 'रिप्लेस ऑल'. बदल शून्य होईपर्यंत तेच बटण दाबत राहा. दोन स्पेसांच्या जागी एक स्पेस, हेही तसंच. नॉन-ब्रेकिंग स्पेस शोधून साधी स्पेस घालायला विसरू नका. ती दिसायला साध्या स्पेससारखीच असते, पण तिथे ओळ तुटू शकत नाही, म्हणून फोनवर अर्धी ओळ रिकामी राहून पुढचा मोठा घोळका खाली ढकलला जातो.

ईमेलमधून किंवा स्कॅन केलेल्या मजकुरातून आलेल्या लेखात प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर असतो. तिथे क्रम महत्त्वाचा, आणि वर सांगितल्याप्रमाणे दुहेरी एंटर आधीच एकेरी करायचे नाहीत. आधी परिच्छेदांच्या मधले दुहेरी एंटर शोधून त्यांच्या जागी लेखात कुठेही नसलेलं काही घाला, समजा तीन वेळा टक्क्याचं चिन्ह. मग उरलेले सगळे एकेरी एंटर काढून त्यांच्या जागी स्पेस घाला. शेवटी टक्क्यांच्या जागी पुन्हा एंटर. क्रम चुकला तर सगळा लेख एकाच परिच्छेदात गोळा होतो, म्हणून मूळ फाइलची प्रत काढूनच हे करावं.

साधा मजकूर म्हणून पेस्ट केलं की ठळक आणि तिरपे शब्दही साधे होतात, ही अनेकांची खरी अडचण असते. त्यावर उपाय आहे. शोधायच्या रकान्यात काही न लिहिता कंट्रोल-बी दाबा, म्हणजे वर्ड ठळक मजकूर शोधेल. बदलायच्या रकान्यात दोन तारे लिहा, मग 'स्पेशल'मधून 'फाइंड व्हॉट टेक्स्ट' निवडा, आणि पुन्हा दोन तारे. 'रिप्लेस ऑल' केल्यावर प्रत्येक ठळक शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारे लागतात. साध्या मजकुरातही तारे टिकतात आणि ब्लॉगवर गेल्यावर कुठे काय ठळक करायचं ते दाखवतात. तिरप्या अक्षरांबाबत माझं मत स्पष्ट आहे: देवनागरीत ती वापरू नयेत. बहुतेक देवनागरी फॉण्टांत खरी तिरपी अक्षरं नसतात, ब्राउझर उभ्या अक्षरांनाच ढकलून तिरपं करतो, आणि पडद्यावर ती वाचायला त्रास होतो. पुस्तकांच्या नावांना एकेरी अवतरणचिन्हं पुरतात, मराठी छपाईतही ती रीत रुळलेली आहे.

ब्लॉगवर उतरवताना

क्रोम आणि फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की नुसती अक्षरं पेस्ट होतात. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड. मधे नोटपॅडचा थांबा घेतला तरी तेच साधतं, मात्र फाइल जतन करायची असेल तर 'यूटीएफ-८' निवडलेलं आहे ना, ते पाहा. जुन्या नोटपॅडमध्ये 'अँसी' हा पर्याय आधीपासून निवडलेला असायचा, आणि त्यात जतन केलेल्या मराठीची प्रश्नचिन्हं होतात. तो मजकूर परत मिळत नाही. गूगल डॉक्समधून नेल्यास सजावट गळून पडेल अशी अनेकांची समजूत आहे, पण डॉक्सही स्वतःच्या सूचना चिकटवून देतो.

वर्डप्रेसचा ब्लॉक संपादक, जो २०१८ च्या डिसेंबरमध्ये आला, वर्डमधून थेट पेस्ट केलेला मजकूर बऱ्यापैकी स्वच्छ करतो. लेखात तुम्ही वर्डच्या 'हेडिंग' शैली नीट वापरल्या असतील तर मथळे आणि दुवे शाबूत येतात, म्हणून वर्डप्रेसवाल्यांनी साधी पेस्ट करून पाहायला हरकत नाही. ब्लॉगरवर मात्र ही जोखीम घेऊ नये. तिथे साधा मजकूरच न्या.

पेस्ट केल्यावर उपशीर्षकं नुसती ठळक करून मोठी करू नका. संपादकातल्या यादीतून 'हेडिंग' निवडा. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतील कदाचित, पण दृष्टिहीन वाचकांचं वाचन-सॉफ्टवेअर हेडिंगांवरून लेखात उड्या मारतं, आणि उद्या थीम बदललीत तर सगळी हेडिंगं एकदम नव्या रूपात येतात. फॉण्ट आणि आकार लेखात ठरवायचेच नाहीत. ते थीमच्या सेटिंगमध्ये एकदाच ठरवायचे. देवनागरीसाठी 'मुक्त'सारखा मोफत वेबफॉण्ट तिथे लावता येतो. 'टिरो देवनागरी मराठी' या फॉण्टात ल आणि श मराठी वळणाचे मिळतात. काही फॉण्टांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात आणि पानाच्या भाषेची चिठ्ठी पाहून ब्राउझर त्यातलं एक निवडतो. म्हणून ब्लॉगच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी ठेवावी, आणि वर्डची ती 'एचआय' चिठ्ठी मजकुराबरोबर येऊ देऊ नये.

याद्या नव्याने कराव्या लागतात. वर्डमधल्या बाणासारख्या किंवा चौकोनी खुणा 'विंगडिंग्ज' नावाच्या चित्रफॉण्टातल्या असतात. तो फॉण्ट नसला की बाणाच्या जागी तिरकी रेघ मारलेला रोमन 'ओ' दिसतो. त्या खुणा पुसून संपादकाची यादी लावा. तक्त्यांचंही तेच: वर्डमधल्या तक्त्याची रुंदी कागदाच्या मापाने ठरलेली असते, फोनवर तो उजवीकडे बाहेर जातो. दोन रकान्यांचा तक्ता असेल तर बहुधा त्याची वाक्यंच करावीत.

दिसत नाही ते जपायचं

आता मराठीचं खास दुखणं. 'सह्याद्रीच्या दऱ्यांत' असं तुम्ही लिहिलंत आणि ब्लॉगवर 'सह्याद्रीच्या दर्यांत' झालं, तर सह्याद्रीत समुद्र आला. असं होतं याचं कारण हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एका प्रकारात साधा र, पायमोड आणि त्यानंतर 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं अदृश्य चिन्ह असतं. दुसऱ्या प्रकारात खाली टिंब असलेला ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि पायमोड. पहिल्या प्रकारातलं अदृश्य चिन्ह गळालं की उरलेल्या र आणि पायमोडाचा रफार होतो. मजकूर 'स्वच्छ' करून देणारी अनेक फुकट संकेतस्थळं अदृश्य चिन्हं कचरा समजून सरसकट काढतात, म्हणून मराठी लेख त्यांच्या हवाली करू नये. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबलं की स्वतंत्र ऱ मिळतो. तो वापरण्याची सवय लावली तर 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' कुठल्याही प्रवासात शाबूत राहतात. लेख प्रकाशित करण्याआधी असे चार-पाच शब्द ब्राउझरच्या शोधातून काढून पाहा.

ॲ या अक्षराची कथा निराळी. युनिकोडमध्ये ते स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ साली आलं. त्याआधी अ टाइप करून त्यावर अर्धचंद्र दिला जायचा, आणि अजून कित्येक जण तसंच करतात. दोन्ही दिसायला सारखी, पण संगणकाला वेगळी. अर्धचंद्र वेगळा दिलेला असेल तर काही फॉण्टांत तो ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसतो, आणि ब्लॉगवर 'ॲप' शोधणाऱ्याला तुमचा लेख सापडेलच असं नाही. वर्डमध्ये एकदाच बदलून घ्या. विसर्गाचंही तसंच. 'दुःख' आणि 'स्वतः' यांत खरा विसर्ग हवा, 'उदाहरणार्थ' किंवा 'सूचना' यांच्यापुढे अपूर्णविराम. टाइप करताना या दोघांची सर्रास अदलाबदल होते, छापल्यावर कुणाला कळत नाही, पण शोधताना 'दुःख' सापडत नाही.

कविता, तळटीपा, चित्रं

कवितेची प्रत्येक ओळ एंटरने तोडली तर ब्लॉगवर ती स्वतंत्र परिच्छेद होते आणि ओळीओळीत अंतर पडतं. ओळ तोडायला शिफ्ट-एंटर, कडवं संपलं की एंटर. अभंग-ओव्यांत दंडासाठी कीबोर्डवरची सरळ रेघ न वापरता खरा दंड वापरा, आणि त्याच्याआधी स्पेस देत असाल तर तिथे मुद्दाम नॉन-ब्रेकिंग स्पेस द्या. नाहीतर अरुंद पडद्यावर एकटा दंड पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन पडतो.

वर्डच्या तळटीपा बरोबर आणण्याचा प्रयत्न करू नये. त्यांचे आकडे दुवे होऊन येतात आणि ते दुवे अनेकदा कुठेच नेत नाहीत. वर्डप्रेसमध्ये ६.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, तळटीपांची सोय आहे. इतरत्र लेखाच्या शेवटी क्रमांक घालून टिपा द्याव्यात.

चित्रांची फसगत जास्त वाईट, कारण ती लेखकाला दिसत नाही. वर्डमधून मजकुरासोबत चित्र पेस्ट केलं तर ब्लॉगवर कधी कधी चित्राऐवजी तुमच्या संगणकातल्या तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता जातो. वाचकाला तिथे रिकामी चौकट मिळते. चित्रं वेगळी काढून वेगळी चढवावीत. ती फक्त वर्डच्या फाइलीतच असतील तर फाइलीची एक प्रत करा, तिच्या नावाचा 'डॉक्स' हा शेवट बदलून 'झिप' करा आणि ती उलगडा. आतल्या 'वर्ड' फोल्डरमधल्या 'मीडिया' फोल्डरमध्ये सगळी चित्रं मिळतात.

आधीच बिघडलेले लेख

वर्षानुवर्षं थेट पेस्ट केलेले लेख दुरुस्त करायचे असतील तर आधी ब्लॉगची पूर्ण प्रत उतरवून घ्या. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये आणि वर्डप्रेसच्या 'टूल्स'मध्ये ती सोय आहे. मग सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या लेखांपासून सुरुवात करा. ब्लॉगरमध्ये सगळा मजकूर निवडून 'क्लिअर फॉरमॅटिंग'चं बटण दाबल्याने फॉण्ट आणि रंग जातात, पण ती 'नॉर्मल, झिरो, फॉल्स'ची माळ बहुधा जात नाही. ती एचटीएमएल दृश्यात अगदी वर, लेखाच्या पहिल्या शब्दाआधी असते. तिथे जाऊन पहिल्या मराठी शब्दापर्यंतचं सगळं निवडा आणि काढून टाका. दुखणं लेखभर पसरलेलं असेल तर प्रकाशित पानावरून मजकूर साध्या रूपात कॉपी करा, दुवे बाजूला लिहून ठेवा, संपादक रिकामा करा आणि नव्याने भरा.

मात्र लेख पुसून नवा टाकू नका. जुन्याच लेखात मजकूर बदला, म्हणजे त्याचा पत्ता तोच राहतो, इतरांनी दिलेले दुवे चालतात आणि खाली वाचकांनी लिहिलेल्या प्रतिक्रियाही जात नाहीत. बदल झाल्यावर लेख फोनवर, जमल्यास दुसऱ्याच्या फोनवर, एकदा उजेडी आणि एकदा गडद रूपात उघडून शेवटपर्यंत खाली सरकवत न्या. आकार मधेच बदलला, एखादी ओळ लवकर तुटली किंवा चित्राची चौकट रिकामी राहिली, तर ती जागा टिपून ठेवा आणि तेवढाच भाग पुन्हा साधा करून घ्या.